तीन खोकी, साठ कार्डं आणि कपाटाखाली गेलेला न्यूट्रॉन: विखंडन-संमीलन-रासायनिक ओळखायच्या संचाचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. एक स्टार भाषांतराने घालवला आणि अर्धा चौथं खोकं नाही म्हणून, ते चौथं खोकं काय ते पुढे येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला वाद घालायचा नाही आणि असले संच आता बऱ्याच जणांचे निघालेत, त्यामुळे कुठलाही घेणार असाल तरी खालच्या गोष्टी तपासून घ्या एवढंच.

मी मुलांना विज्ञान शिकवते आणि घरात भाची आहे जी प्रत्येक वाक्याला "का पण?" लावते. दोघांकडून एकच अनुभव. केंद्रकीय विखंडन (अणूचा जड गाभा, म्हणजे केंद्रक, तुटणं), केंद्रकीय संमीलन (हलकी केंद्रकं जोडली जाणं) आणि रासायनिक अभिक्रिया (केंद्रकाला धक्का न लागता अणूंची नुसती नवी जुळणी) यांच्या व्याख्या पोरांना तोंडपाठ असतात, धडाधडा म्हणून दाखवतात, आणि मग समोर एखादी खरी घटना ठेवली की उत्तर येतं "मोठा स्फोट झाला ना, मग न्यूक्लिअर". म्हणजे आवाजावरून ठरवायचं. ही खोड मोडायला काहीतरी हातात घेऊन करायचं हवं होतं म्हणून हा संच मागवला.

आत काय आहे: तीन पुठ्ठ्याची खोकी, एकेकावर एकेका अभिक्रियेचं नाव. साठ कार्डं, पुढे चित्र आणि एक ओळ, मागे समीकरण. चुंबकाच्या दोन गोट्या लाकडी खोबणीत बसवलेल्या. सिलिकॉनची एक मऊ पिशवी, आत मणी. एक घडीचा बोर्ड, दोन्ही बाजूंनी उतरता. एक गुंडाळलेली कागदी पट्टी, एक छोटा तराजू, माहितीपुस्तिका आणि ॲपचा कोड. बॉक्स दणकट आहे, कार्डं जाड आहेत, कोपरे अजून दुमडले नाहीत आणि माझ्याकडे वस्तू कशा वापरल्या जातात ते बघता हे कौतुकच समजा.

पहिल्या दिवशी भाचीला म्हटलं, मागचं समीकरण न बघता लाव. अर्ध्या तासात साठही लावून मोकळी. मी बघितलं तर तिने चक्क चित्रावरून लावलेली, ज्वाळा दिसली की रासायनिक, छत्रीसारखा ढग दिसला की विखंडन, लखलखाट दिसला की संमीलन. आणि यात तिची काही चूक नाही हो, चित्रकाराने खरंच तसंच रंगवलंय. ओक्लोच्या कार्डावर नुसता एक तपकिरी खडक आहे, ते तिने बिनदिक्कत रासायनिक खोक्यात टाकलं, कारण विचारलं तर "खडक आहे, गंजत असेल". आता ओक्लो म्हणजे गॅबन देशातली युरेनिअमची खाण, तिथे साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीत आपोआप विखंडनाची साखळी (एका विखंडनातून पुढचं) चालू होती, पाणी झिरपलं की सुरू, तापून पाणी उडून गेलं की बंद, परत पाणी आलं की परत सुरू. कुणाला आवाज नाही, धूर नाही. १९७२ मध्ये पत्ता लागला तोही हिशोबातून, तिथल्या खनिजात युरेनिअम-२३५ चं, म्हणजे विखंडन होणाऱ्या युरेनिअमचं, प्रमाण नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरलं आणि कुणीतरी म्हणालं की उरलेलं गेलं कुठे. म्हणजे शतांश टक्क्याच्याही खालचा फरक, आणि तो एका माणसाला खटकला! मला हे कार्ड सगळ्यात आवडलं, पण चित्र बघून कुणालाही कळणार नाही की इथे काही झालंय.

सूर्याचं उलट. कार्डावर सूर्याभोवती अशा लांबलांब ज्वाळा काढल्यात की तो पेटलेला गोळाच वाटतो. सूर्य "जळतो" असं आपण बोलतो ते ठीक, पण जळायला ऑक्सिजन लागतो आणि नुसता कोळशासारखा जळत असता तर काही हजार वर्षांत आटोपला असता. त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची केंद्रकं एकत्र येऊन हेलिअम होतो, सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन. आणि गंमत अशी की गाभ्यातला एक घनमीटर घेतला तर त्यातून निघणारी ऊर्जा तीनशे वॅटच्या आतच भरते, म्हणजे एखाद्या मोठ्या पंख्या-दोन पंख्यांना लागेल तेवढी. सूर्य प्रचंड आहे म्हणून प्रचंड वाटतो, अभिक्रिया स्वतः अगदी रमतगमत चाललेली असते. भाची हे ऐकून जरा नाराजच झाली.

मग कार्डं उलटी केली, आणि तिथे संचाने पैसे वसूल केले. मागच्या बाजूला प्रत्येक समीकरण एकाच पद्धतीने छापलंय, डावीकडे आधी काय होतं, उजवीकडे नंतर काय आहे, आणि मूलद्रव्याच्या प्रत्येक चिन्हाखाली अणुअंक, म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन किती ते. ज्वाळा, ढग सगळं विसरायचं आणि एवढंच बघायचं की डावीकडची मूलद्रव्यं उजवीकडे तशीच्या तशी आहेत का. कार्बन होता, कार्बनच आहे, ऑक्सिजन होता, ऑक्सिजनच आहे, फक्त कोणाचा हात कोणाच्या हातात ते बदललंय, तर रासायनिक, मग भले त्यात इमारत उडालेली असो. मूलद्रव्यच बदललं तर केंद्रकाला हात लागलाय. (समस्थानिकांची थोडी फसवाफसवी आहे, ड्यूटेरिअम आणि ट्रिटिअम दोघेही हायड्रोजनच, फक्त केंद्रकात जास्तीचे न्यूट्रॉन, म्हणून अणुवस्तुमानांकही (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) बघावा लागतो, आणि हे पुस्तिकेत पान ९ वर बारीक अक्षरात आहे, मोठ्या अक्षरात हवं होतं.)

हायड्रोजनची तीन कार्डं मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवली. एक हिंडेनबर्ग, ते जर्मन हवाई जहाज, ६ मे १९३७ ला पेटलं आणि ३६ माणसं गेली. दुसरं सूर्य. तिसरं हायड्रोजन बॉम्ब, पहिली मोठी चाचणी १ नोव्हेंबर १९५२. तिन्हीत हायड्रोजन, तिन्हीत आग दिसते. भाचीने तिन्ही संमीलनात टाकलेली, "हायड्रोजन म्हणजे संमीलन" असं समीकरण डोक्यात. हिंडेनबर्ग उलटं केल्यावर मागे फक्त हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. बराच वेळ बघत बसली. "म्हणजे मावशी, एवढी आग लागली आणि त्यातून पाणी झालं?" हो बाई, पाणीच झालं.

बॉम्बच्या कार्डावर मात्र माझं संचाशी पटलं नाही. उत्तरपत्रिकेत ते "संमीलन" म्हणून दिलंय आणि विषय संपवलाय. अहो, पण त्या बॉम्बात आधी विखंडनाचा बॉम्ब फुटतो, त्याच्या माऱ्याने संमीलनाचं इंधन दाबलं-तापवलं जातं, आणि संमीलनातून सुटलेले वेगवान न्यूट्रॉन भोवतालच्या युरेनिअमचं परत विखंडन करतात. १९५२ च्या त्या चाचणीत तर एकूण ऊर्जेचा मोठा भाग शेवटी विखंडनातूनच आला होता. आणि सगळ्यात आधी, आतला पहिला बॉम्ब पेटवायला साधी रासायनिक स्फोटकं असतात. म्हणजे एका वस्तूत तिन्ही खोकी. हेच कार्ड खरं तर सगळ्यात शिकवणारं आहे आणि त्यांनी त्याला एका खोक्यात कोंबलंय.

अजून एक सापळा संचाने छान लावलाय, त्याला दाद द्यायला हवी. जोडणं म्हणजे संमीलन आणि तोडणं म्हणजे विखंडन असं पोरं धरून चालतात, शब्दांवरून तसंच वाटतं ना. तर पाण्याचं विद्युत अपघटन आणि चुनखडी तापवून चुना करणं अशी तोडायची कार्डं घातलीत, आणि लोखंड गंजणं हे जोडायचं. भाचीने विद्युत अपघटन विखंडनात टाकलं आणि मागे बघून स्वतःच कपाळावर हात मारला. तुटले ते पाण्याच्या रेणूतले बंध, हायड्रोजनचं केंद्रक जसं होतं तसंच. हायड्रोजनच्या केंद्रकात तर एक प्रोटॉन, त्याचे तुकडे काय करणार.

आता मॉडेलं. सिलिकॉनची पिशवी म्हणजे युरेनिअमचं केंद्रक, पाण्याच्या थेंबासारखं. पिशवीच्या तोंडातून एक पांढरा मणी आत ढकलायचा, तो न्यूट्रॉन, मग पिशवी दोन्ही हातांनी ओढायची, ती मध्ये बारीक होते, डंबेलसारखी दिसते, आणि फट्‌कन चुंबकाची क्लिप सुटून दोन तुकडे होतात, तीन पांढरे मणी बाहेर उडतात. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन सापडले आणि तिसरा कपाटाखाली गेला. झाडू घालून बघितलं, बॅटरी मारून बघितली, नाही. भाची म्हणाली "साखळी अभिक्रिया थांबली" आणि तिच्या त्या एका वाक्यावर मी पिशवीचा अख्खा धडा वसूल झाला असं समजते, कारण खरोखर तसंच असतं, एका विखंडनातून सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात आणि त्यातला एक तरी पुढच्या केंद्रकाला लागला तरच साखळी चालते, बाकीचे बाहेर निसटतात किंवा भलतीकडे शोषले जातात. तक्रार एवढीच की जास्तीचे मणी दिलेले नाहीत. लहान मूल घरात असेल तर हे मणी आणि चुंबक त्याच्या हाताला लागू देऊ नका, गिळलं तर खेळ नाही.

संमीलनाचं मॉडेल त्याहून सरस. खोबणीतल्या दोन चुंबकी गोट्या सारखे ध्रुव समोरासमोर, ढकलल्या की एकमेकींना लोटतात, हळू ढकललं तर कधीच भेटत नाहीत, परत मागे येतात. जोर लावून एका ठरावीक अंतराच्या आत नेल्या की खोबणीखालची पट्टी सुटते आणि दोन्ही खट्‌कन चिकटतात. माझं बोट मध्ये सापडलं, निळं झालं, पण प्रोटॉन-प्रोटॉनमधला भार कसा ढकलतो ते आयुष्यभर विसरणार नाही. विखंडनाला असला जोर का लागत नाही हा प्रश्न भाचीने इथेच काढला आणि पुस्तिकेत त्याचं उत्तर नाही, म्हणून मी सांगते, न्यूट्रॉनवर भारच नाही, त्यामुळे केंद्रक त्याला अडवत नाही, उलट युरेनिअम-२३५ ला हळू न्यूट्रॉन जास्त चांगला लागतो. संमीलनात दोन्हीकडे धन भार, म्हणून प्रचंड वेग हवा, म्हणून पृथ्वीवरच्या संमीलनाच्या भट्ट्यांत १५ कोटी अंशांच्या गोष्टी. सूर्याला दीड कोटीत भागतं कारण तिथे दाब आणि घनता भयंकर आहे आणि त्याला घाई नाहीये.

पण खरा हिरो तो घडीचा बोर्ड. उलगडला की मध्ये दरी आणि दोन्ही बाजूंना चढ. डाव्या टोकाला हायड्रोजन, उजव्या टोकाला युरेनिअम, तळाशी लोखंड आणि निकेल. गोटी कुठल्याही टोकाला ठेवा, गडगडत तळाकडे येते. जोडून पण ऊर्जा मिळते आणि तोडून पण मिळते हे कसं, याच्यावर मी वर्गात किती खडू झिजवलाय, आणि इथे एक गोटी सोडली की झालं. हलकी केंद्रकं जोडली की लोखंडाच्या दिशेने येतात, जड तोडली की तीही लोखंडाच्याच दिशेने येतात, दोन्हीकडून उतारच. लोखंड तोडून किंवा जोडून मात्र काही सुटत नाही, वरून घालावी लागते. डावा उतार एकदम कडेलोटासारखा आणि उजवा लांबलचक, सौम्य, हेही त्यांनी बरोबर दाखवलंय. कुणीतरी विचार करून बनवलाय हा भाग.

याच उतारावरून त्या पट्टीकडे येते. पट्टीवर ऊर्जेची मोजदाद आहे, एका अभिक्रियेत किती इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) सुटतात. मिथेनचा एक रेणू जळला की नऊच्या आसपास. ड्यूटेरिअम-ट्रिटिअमचं एक संमीलन, १ कोटी ७६ लाख. युरेनिअम-२३५ चं एक विखंडन, साधारण २० कोटी. आकडे बरोबर आहेत, पण पट्टी प्रत्येक खुणेला दहापट अशी काढलीय, त्यामुळे मिथेनपासून युरेनिअम सात-साडेसात खुणांवर आणि पोरांना वाटतं फार काही लांब नाही. मी पट्टी बाजूला ठेवली आणि साधा हिशोब केला, दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक मिलिमीटर धरा. मिथेन एक मिलिमीटरसुद्धा नाही, नखाच्या जाडीएवढा. संमीलन पावणेदोन किलोमीटर. विखंडन वीस किलोमीटर. नख दाखवून मग खिडकीतून लांब बोट दाखवलं, तेव्हा कुठे ती "ओह" म्हणाली.

आणि इथे लगेच दुसरी गडबड होते, ती म्हणजे "मग विखंडनच जास्त दणकट, संमीलनाचं एवढं कौतुक कशाला". पुस्तिकेत याला एक ओळ दिलीय आणि ती सुद्धा कंसात! अहो, विखंडनात २३६ कणांचं बोचकं आहे आणि त्या संमीलनात अवघे पाच कण. वाटून बघा, विखंडनात माणशी साडेआठ लाख आणि संमीलनात माणशी पस्तीस लाख. म्हणून किलोला किलो लावलं तर संमीलन चौपट भरतं. एक किलो युरेनिअम-२३५ पूर्णच्या पूर्ण विखंडित झालं तर पावणेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा जाळल्यासारखं, कोळसा कसा आहे त्यावर थोडं इकडेतिकडे. एका घटनेचा आकडा आणि किलोचा आकडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे संचाने ठळक करायला हवं होतं.

तसंच डिसेंबर २०२२ च्या, लेझरने संमीलन घडवायच्या अमेरिकेतल्या प्रयोगाचं कार्ड. इंधनावर २.०५ मेगाज्यूल टाकले, ३.१५ बाहेर आले, हे खरं आणि मोठंच काम. पण ती लेझर पेटवायला वीजजोडणीतून ३०० च्या आसपास मेगाज्यूल घेतले होते हे कार्डावर कुठेच नाही, आणि खाली लिहिलंय "संमीलनातून वीज आता शक्य". एवढी घाई नको.

छपाईची चूक सांगते, कारण तिच्यामुळे आमचा सगळ्यात मस्त अर्धा तास गेला. २२ नंबरचं कार्ड, विखंडनाचं. डावीकडे युरेनिअम-२३५ आणि एक न्यूट्रॉन, उजवीकडे बेरिअम-१४४, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन. मी शंभरदा बघितलेलं समीकरण, डोळ्यांनी सरळ पुढे गेले. भाची बोटं मोजत बसली. "मावशी, तीन जास्त होतायत." बघितलं तर खरंच, डावीकडे २३६ आणि उजवीकडे २३९. बेरिअम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ घेतलं तर जमतं. बेरिअम-१४४ आणि क्रिप्टॉन-८९ घेतलं तरी जमतं. यांनी एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर लावलंय. पण त्यातून आपोआप निघालं की युरेनिअम दर वेळी एकाच जागी तुटत नाही, वेगवेगळ्या जोड्या पडतात, आणि बहुतेक वेळा सारखे दोन अर्धे न पडता एक मोठा आणि एक लहान तुकडा पडतो. प्रोटॉन मोजले तर ५६ अधिक ३६ बरोबर ९२, तो हिशोब कुठेच चुकत नाही. आता ती प्रत्येक कार्ड असं तपासते, कंपनीवरचा विश्वास उडालाय तिचा.

तराजूबद्दल थोडक्यात. एका पारड्यात "आधी" ची चकती, दुसऱ्यात "नंतर" ची, आणि केंद्रकीय अभिक्रियेत "नंतर" वर उचलली जाते, म्हणजे वस्तुमान घटलं. कल्पना बरी, पण चकत्यांतला फरक इतका ठळक ठेवलाय की अर्धं युरेनिअम गायब झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात विखंडनात हजारात एक भाग जातो, ड्यूटेरिअम-ट्रिटिअममध्ये हजारात चारच्या जवळपास, सूर्यातल्या हायड्रोजनच्या हेलिअममध्ये सात. आणि रासायनिकच्या चकत्या अगदी समान, पुस्तिकेत "काहीही फरक नाही". काटेकोर बोलायचं तर फरक तिथेही आहे, हजार कोटींत एखादा भाग, तराजूवर पकडता येत नाही म्हणून सोडून देतो. "नगण्य" लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? शिवाय याच तराजूमुळे एका विद्यार्थ्याने मला विचारलं की मेणबत्ती जळून लहान होते म्हणजे तिच्या वस्तुमानाची ऊर्जा झाली का. नाही रे राजा, ती कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन हवेत गेली, सगळं पकडून वजन केलंस तर मेणापेक्षा जास्तच भरेल, ऑक्सिजन मिळालाय ना त्यात.

आता चौथं खोकं. रेडिअमचं कार्ड आहे, रेडिअम-२२६ मधून अल्फा कण (हेलिअमचं केंद्रक) बाहेर पडून रेडॉन-२२२ उरतो. उत्तरपत्रिका म्हणते विखंडन. नाही हो! हा किरणोत्सारी ऱ्हास. केंद्रक बदललं हे खरं, पण दोन दणकट तुकडे पडले नाहीत, बाहेरून न्यूट्रॉन मारावा लागला नाही, साखळी नाही, आपल्या गतीने आपोआप चाललंय आणि तापवून वेग वाढत नाही की गारठवून कमी होत नाही. बर्फ वितळण्याचं कार्डही रासायनिकमध्ये घातलंय, तेही तिथलं नाही, पाणी आधीही पाणीच होतं. "यातलं काहीच नाही" असं एक खोकं हवंच होतं.

आणि हे किती महत्त्वाचं आहे ते त्यांच्याच ४७ नंबरच्या कार्डावर दिसतं, फुकुशिमा, मार्च २०११. टीव्हीवर अणुभट्टीची इमारत उडताना जगाने बघितली, साहजिकच सगळे म्हणणार न्यूक्लिअर स्फोट. उत्तरपत्रिका म्हणते रासायनिक, आणि ते अगदी बरोबर आहे, इथे टाळ्या. इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनिअम भयंकर तापलं, त्याची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटला, तो इमारतीत साठला आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून उडाला. म्हणजे हिंडेनबर्गचंच समीकरण. भाचीचं पुढचं वाक्य तयार, "पण मग तापलं कशाने? विखंडनानेच ना?" नाही, भूकंप झाल्याबरोबर चालू भट्ट्यांमधली विखंडनाची साखळी बंद पडली होती. तापवत होती ती विखंडनातून उरलेल्या तुकड्यांच्या ऱ्हासाची उष्णता, बंद केल्या केल्या सुद्धा मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के असते ती, आणि ती बटण दाबून बंद होत नाही, थंड करत राहावं लागतं, आणि त्सुनामीने पंपांची वीजच गेली होती. आता सांगा, ही गोष्ट तीन खोक्यांत कशी बसवणार? कारण ऱ्हासात आहे आणि ऱ्हासाला खोकंच नाही. आम्ही बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर स्केच पेनने "ऱ्हास आणि इतर" लिहिलं आणि चार खेळ खेळलो, एकदम फरक पडला.

इतिहासाची चारच कार्डं आहेत. त्यातल्या विखंडनाच्या शोधाच्या कार्डावर ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान, डिसेंबर १९३८, एवढंच. लिझ माइटनर कुठेय? युरेनिअमवर न्यूट्रॉन मारून रेडिअमसारखं काहीतरी मिळेल म्हणून हे दोघे रसायनतज्ज्ञ शोधत होते, हाती लागलं बेरिअम, आणि त्यांना स्वतःला त्याचा अर्थ लागेना. तो लावला माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी, केंद्रक थेंबासारखं तुटलंय, प्रोटॉनच्या पाचव्या भागाएवढं वस्तुमान गेलंय आणि त्याची ऊर्जा २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. मावशी-भाचा, लक्षात घ्या! आमच्या घरात या कार्डावर माइटनरचं नाव पेनाने लिहिण्यात आलं आहे. आणि नोबेल मिळालं ते एकट्या हानला, तेही रसायनशास्त्राचं, म्हणजे रासायनिक पद्धतीने केंद्रकीय गोष्ट सापडली, या संचासाठी याहून चांगली गोष्ट कुठली होती.

भाषांतर. इथे गेला तो पूर्ण स्टार. आपल्या मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा तो सगळ्यात लहान कण आणि रेणू म्हणजे अनेक अणू मिळून झालेला. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते परमाणु म्हणतात. ज्या कुणी केलंय त्याने हिंदीवरून सरळ उचललंय, त्यामुळे पान ४ वर "पाण्याच्या अणूमध्ये तीन परमाणू" आणि पान ६ वर "अणूचे केंद्रक फुटते". म्हणजे पाण्याचं केंद्रक फुटलं? दुसऱ्या कुठल्या विषयात चाललं असतं, पण इथे धडाच हा आहे की रेणू तुटणं वेगळं आणि केंद्रक तुटणं वेगळं, आणि नेमका तोच शब्द घसरलाय. शिवाय एका पानावर संमीलन, दुसऱ्यावर संलयन, कार्डावर "फ्यूजन". मी पेन्सिल घेऊन पुस्तिका सुधारली, बावीस जागा निघाल्या.

ॲप टाकू नका. खातं उघडायला लावतं, प्रश्नाला दहा सेकंद, आणि उत्तर चुकलं तर फक्त "चूक!" म्हणून लाल फुली, का चूक ते नाही. दहा सेकंदात पोरं परत चित्रावरच जातात. चुका कळवल्या होत्या मी त्यांना, कार्डाच्या नंबरसकट, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. असो.

घ्यायचा का? शिकवणाऱ्यांनी जरूर घ्या, बोर्ड आणि गोट्यांसाठी तरी. घरी मुलांच्या हातात नुसता देऊन बाजूला व्हायचं असेल तर नको, कुणीतरी शेजारी बसून उत्तरपत्रिकेशी भांडणारं लागतं. आणि कार्डं आधी समीकरणाच्या बाजूने खेळा, चित्र नंतर.

एक कार्ड अजून बाहेरच आहे. ४१ नंबर, १९३२, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन, लिथिअम-७ वर प्रोटॉन मारला आणि हेलिअमची दोन केंद्रकं मिळाली. उत्तरपत्रिका म्हणते विखंडन, कारण तुटलं. भाची म्हणते आधी प्रोटॉन आत जाऊन मिळाला, म्हणजे जोडलं पण. बोर्डावर बघितलं तर लिथिअम डाव्या, हलक्या बाजूला, जिथे तुटून काही मिळायलाच नको, आणि तरी १ कोटी ७० लाखांच्या वर इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात कारण हेलिअम त्याच्या जागेच्या मानाने भलताच खोल बसलाय. मी झाकणात टाकूया म्हटलं तर तिला ते मान्य नाही, त्यामुळे ते कार्ड सध्या विखंडन आणि संमीलनाच्या खोक्यांच्या मधल्या फटीत उभं आहे, आणि परवा झाडताना कपाटाखालून तो मणी निघाला तोही तिने त्याच्याशेजारी ठेवलाय.